निळा ट्रे

माझ्या नातीला, सिग्नेला, जाऊन अकरा दिवस झाले होते आणि टपालात दवाखान्याचं अभिनंदनाचं पत्र आलं. सोबत बाळाच्या दुधाच्या पावडरीचा नमुन्याचा डबा. पत्रावर अस्वल, अस्वलाच्या गळ्यात फीत, आणि खाली लिहिलेलं, 'तुमच्या घरच्या इवल्याशा पाहुण्याला आमच्याकडून खूप खूप प्रेम.' त्याखाली डॉक्टर ऑस्टबींची सही. सही कसली, शिक्का. तो शिक्का दवाखान्यात माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या खणात असतो. सव्वीस वर्षं मीच तो मारत आले.

माझ्या मुलीच्या, ब्रिटाच्या, स्वयंपाकघरात उभी राहून मी ते पत्र वाचलं आणि परत पाकिटात कोंबलं. ब्रिटा टेबलाशी बसली होती. दूध आटावं म्हणून तिने छातीशी कोबीची गार पानं धरली होती. मूल गेलं होतं तरी दूध आलंच. शरीराला कुणी कळवलं नव्हतं.

"काय आलंय?" तिने विचारलं.

"जाहिरात आहे कसली तरी."

"दवाखान्याचं पाकीट आहे ते, आई. मला इथून दिसतंय."

तिने हात पुढे केला. वाचलं, घडी नीट केली आणि जांभळ्या फाइलमध्ये ठेवून दिलं. ब्रिटा तिसरीच्या मुलांना शिकवते. चिटोरंसुद्धा तारीख घालून ठेवायची तिची सवय. डबा मात्र तिच्या नवऱ्याने, कोल्टनने, मागच्या दारातून असा भिरकावला की तो बर्फात कुठे रुतला ते एप्रिलपर्यंत कळलं नाही.

सिग्ने तेव्हा स्मशानाच्या कोपऱ्यातल्या दगडी कोठीत होती. आमच्याकडे, मिनेसोटाच्या या पश्चिम टोकाला, फेब्रुवारीत जमीन चार-चार फूट गोठलेली असते. खड्डे खोदणारा माणूस एप्रिलआधी हात लावत नाही. तोवर मेलेल्यांनी थांबायचं. सदतीस आठवड्यांची माझी नात, पावणेसहा पौंडांची, डोकंभर केस असलेली, तिथे वाट बघत होती.

चर्चच्या बायकांनी हॉटडिशची सात भांडी आणून ठेवली होती. तोच खिमा, तेच डब्यातलं सूप, तेच वर रचलेले बटाटे, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून मालकिणीचं नाव. भांडी ठेवताना प्रत्येकीने तेच वाक्य म्हटलं, "देवाला आणखी एक परी हवी होती गं." पाचव्या वेळी मला राहवलं नाही. म्हटलं, "मग त्याने स्वतः करावी की. त्याला काय नऊ महिने लागतात?" बाई भांडं ठेवून निघाली. जाताना दार हळू लावलं. आमच्याकडे कुणी दार आपटत नाही.

तेच तर आमचं सगळं. कुणाला त्रास द्यायचा नाही, कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. ऑक्टोबरात चर्चमध्ये माशाचं जेवण असतं. आजूबाजूच्या गावांतून चारशे माणसं येतात. आम्ही बायका दोन दिवस राबतो, वाढतो, आणि सगळे उठले की भांड्याच्या तळाशी उरलेलं खातो. लहानपणी मी एकदा मधेच ताटलीकडे हात नेला होता, तर आईने डावाने हातावर मारलं होतं. "घरचे शेवटी!" माझ्या आईचं नावही सिग्नेच. बाळाला ब्रिटाने तिचंच नाव ठेवलं.

आता खाजेचं सांगते.

जानेवारीत ब्रिटाला खाज सुटायला लागली. पुरळ नाही, लाली नाही, नुसती खाज. तळहात आणि तळपाय. दिवसा कमी, रात्री जीव नकोसा करणारी. मी तिला गाईच्या सडांना लावतात ते मलम दिलं, हिरव्या डब्यातलं. हिवाळ्यात आमच्याकडे सगळेच ते हातांना लावतात. चौतिसाव्या आठवड्याला तिने डॉक्टर ऑस्टबींपुढे दोन्ही तळहात धरले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हिवाळा आहे पोरी. लोशन लाव." छत्तिसाव्या आठवड्याला तिने पुन्हा सांगितलं. "पोट ताणलं की खाज यायचीच. पहिलटकरीण आहेस, सगळंच नवं वाटणार." तीन मिनिटांत ते बाहेर. ती तीन मिनिटं मी बाहेरून घड्याळात पाहिली होती आणि मला अभिमान वाटला होता, की माझ्या मुलीने डॉक्टरांचा वेळ खाल्ला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तिने दवाखान्यात फोन केला. फोन मी उचलला. दुसरं कोण उचलणार?

"आई, झोपच नाही लागत गं. तळहात, तळपाय. मी रात्री कोल्टनचा केसांचा ब्रश घेऊन घासत बसते. चादरीला रक्त लागलंय. मला आज डॉक्टरांशी बोलायचंय."

आमच्या दवाखान्यात सगळं कॉम्प्युटरवर गेलं, पण ऑस्टबींना फोनचे निरोप कागदावरच लागतात. गुलाबी चिठ्ठ्यांची वही असते. वरची चिठ्ठी फाडायची, खाली कार्बनची नक्कल राहते. चिठ्ठीवर दोन चौकोन, 'आजच' आणि 'सावकाश'. आजची चिठ्ठी लाल ट्रेमध्ये जाते, ती डॉक्टर दर तासाला बघतात. सावकाशची निळ्या ट्रेमध्ये. निळा ट्रे ते फक्त गुरुवारी बघतात, जेवण झाल्यावर, दात कोरत.

खिडकीपुढे त्या वेळी पाच माणसं उभी होती. पहिली होती लव्होन. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचा हात मोडला, तेव्हा मी त्याला रांगेतून आधी आत सोडलं होतं, तर हीच लव्होन चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघींत म्हणाली होती, "आर्लिसच्या घरचं कुत्रंसुद्धा डॉक्टरांकडे आधी जातं." तो टोला मला वर्षभर सलत होता. आणि आता ती काचेला नाक लावून उभी होती, आणि मी फोनवर 'बेटा' म्हणाले होते ते तिने ऐकलं होतं.

मी लिहिलं, 'कोरडी त्वचा, खाज.' सावकाशवर खूण केली. चिठ्ठी निळ्या ट्रेमध्ये टाकली, लव्होनला दिसेल अशी.

"सांगते हं डॉक्टरांना," मी ब्रिटाला म्हटलं. "मलम लाव तोवर."

बुधवारी संध्याकाळी बाळ हलेनासं झालं. गुरुवारी सकाळी कोल्टन तिला घेऊन तासभर लांब शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेला, कारण आमच्या गावातला बाळंतपणाचा विभाग बंद होऊन सहा वर्षं झाली. मी मागून पोचले. ठोका नव्हता. शुक्रवारी पहाटे सिग्ने जन्मली, नीट, पूर्ण, गप्प.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने ब्रिटाच्या पायांवरचे ओरखडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही खाज कधीपासून आहे?" तिने रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी सांगितलं की यकृताचा दोष होता. पोटुशीपणात काहींना होतो. पित्त रक्तात साचतं आणि बाळाच्या जिवावर बेततं. ओळखायची खूण हीच, तळहात-तळपायांची खाज आणि पुरळ नाही. तपासणी एका नळीभर रक्ताची. कळलं असतं तर बाळ आधीच काढून घेतात.

"म्हणजे वाचली असती?" कोल्टनने विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येत," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "पण आम्ही तपासलं असतं."

तेव्हापासून ब्रिटाच्या डोक्यात एकच भुंगा. भांडी पुसताना, कोबीची पानं बदलताना, ती अचानक विचारायची, "आई, फोन तूच उचलला होतास ना? मी नक्की काय म्हटलं होतं? मी नीट सांगितलंच नसेल. मी हसत हसत सांगितलं असेल. मला सवय आहे तशी."

"सगळं सांगितलंस तू," मी म्हणायचे.

"मग त्यांनी फोन का नाही केला?"

"मी निरोप दिला होता, बेटा."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तरी प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी कुजल्यासारखं वाटायचं. माझी मुलगी माझ्यादेखत स्वतःला दोषी धरत होती आणि मी तिला चहा करून देत होते.

मी पुन्हा कामावर गेले तेव्हा माझ्या टेबलावर ती गुलाबी चिठ्ठी परत येऊन पडली होती. डॉक्टरांच्या अक्षरात खाली एकच शब्द, 'लोशन.' वेळ घातलेली, गुरुवार, पावणेदोन. त्या वेळी शहरात माझ्या मुलीला मेलेलं मूल बाहेर काढण्यासाठी कळा सुरू करण्याचं औषध देत होते, आणि इकडे हे गृहस्थ जेवून, ढेकर देऊन लोशन लिहीत होते. मी चिठ्ठी फाइलच्या टोपलीत टाकली, नियमाप्रमाणे. पुढे ब्रिटाने आपले सगळे कागद मागवून घेतले, तर त्यात ती चिठ्ठी नव्हती. आणि दोन्ही भेटींच्या नोंदींत काय? 'प्रकृती उत्तम. काही त्रास नाही.' दोन्हीकडे शब्दन् शब्द तेच. पहिलं उचलून दुसऱ्यावर डकवलेलं. त्यात वजनसुद्धा आदल्या भेटीचं राहिलं होतं.

ब्रिटाने डॉक्टरांची भेट मागितली. मार्चच्या मध्यावरचा सोमवार ठरला.

त्याआधी बुधवारी आमची व्यवस्थापिका रोक्सॅन माझ्या टेबलाशी आली. कोपऱ्यावर अर्धी टेकली. ही बाई वाईट बातमी नेहमी अशी अर्धी टेकून देते.

"कशा आहात, आर्लिस? मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते हं. आपण इथे सगळे एका घरचेच ना."

"हो का," मी म्हटलं.

"सोमवारी तुम्ही ब्रिटाबरोबर बसा. बसायलाच हवं. फक्त काय, आई म्हणून बसा. कामाच्या गोष्टी मधे नकोत. आणि हो, जुन्या चिठ्ठ्यांच्या वह्या आवरायला काढल्यात. तुमच्या खणातल्याही शुक्रवारपर्यंत द्या. कागद कातरायच्या यंत्रात घालून टाकू."

"याच आठवड्यात?"

"नेहमीची आवराआवर हो."

सव्वीस वर्षांत मी ही नेहमीची आवराआवर पहिल्यांदाच ऐकत होते. आणि तरी, सांगायला लाज वाटते, मी ती वही खणातून काढून टेबलावर ठेवली. तुकडे झाले असते की माझं अक्षरही गेलं असतं. ऑस्टबी वाचले असते, आणि त्यांच्या पांघरुणात मीही. शुक्रवारी दुपारपर्यंत वही तिथे होती. मग रोक्सॅन टोपली घेऊन येताना दिसली. तोंडावर तेच प्रार्थनेचं हसू. मला तिची एवढी किळस आली की मी वही उचलून विणकामाच्या पिशवीत टाकली आणि तिला दुसरी दिली, दोन वर्षांपूर्वीची. हा माझा प्रामाणिकपणा नव्हता, नुसती किळस होती.

शनिवार-रविवार माझ्या हातात होते. ब्रिटाला घरीच सांगता आलं असतं. दोनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि हॉटडिशची धुतलेली भांडी घेऊन परत आले.

सोमवारी बैठकीच्या खोलीत टेबलावर लिंबाच्या वड्यांची ताटली होती. पिठीसाखर भुरभुरलेली, कागदी रुमालांसह. मेलेल्या मुलाचा हिशोब मागायला आलेल्या बाईपुढे वड्या ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल? ऑस्टबींनी एक उचललीही.

"ब्रिटा, तुला तुझ्या जन्मापासून ओळखतो मी," ते म्हणाले. "आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. कधीकधी अशा गोष्टी होतात. कुणाची चूक नसते."

"मी तुम्हाला तळहात दाखवले होते," ब्रिटा म्हणाली. आवाज तिसरीच्या वर्गातला, सपाट. "दोनदा."

"तसं नोंदीत काही नाही गं."

"नोंद तुम्हीच करता ना?"

"दिवसाला तीस पेशंट असतात." त्यांनी मिशीवरची साखर पुसली. "इतका त्रास होता तर तू फोन करायचास. आमचा फोन सदैव चालू असतो."

"केला होता."

ऑस्टबींनी रोक्सॅनकडे पाहिलं. रोक्सॅनने कागद उलटल्यासारखं केलं. "फोनची काही नोंद सापडत नाही," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "अशा दुःखात दिवस इकडचे तिकडे होतात, ब्रिटा. तू मनात ठरवलं असशील फोन करायचं."

ब्रिटा माझ्याकडे वळली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकूनही तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शंका होती, आणि ती स्वतःवरच. "आई," ती म्हणाली, "केला होता ना गं मी फोन?"

मी पिशवीतून वही काढली. लोकर तिच्यात गुंतली होती, ती सोडवायला वेळ लागला. रोक्सॅनचा चेहरा पडला, तो बघायला मला बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ते बरं वाटणंही गेलं.

"सोमवार, नऊ वाजून दहा मिनिटं," मी वाचलं. "ब्रिटा हाउगेन. कोरडी त्वचा, खाज. मूळ चिठ्ठीवर डॉक्टरांनी गुरुवारी पावणेदोनला 'लोशन' लिहिलं. मी ती फाइलच्या टोपलीत टाकली. पुढे ती कुठे गेली ते रोक्सॅनला विचारा."

कोल्टन उठून उभा राहिला. ब्रिटाने त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं. वही आपल्याकडे ओढली आणि कार्बनचं निळं अक्षर वाचू लागली. माझं अक्षर सुबक आहे. शाळेत बक्षीस मिळालं होतं.

"कोरडी त्वचा," ती म्हणाली. "मी कोरडी म्हटलं होतं?"

"नाही."

"काय म्हटलं होतं?"

"तळहात आणि तळपाय. चादरीला रक्त लागलंय. आज डॉक्टरांशी बोलायचंय."

"आणि इथे 'सावकाश'वर खूण आहे."

"मी केली."

"का?"

काय सांगणार? लव्होनचं नाव घेणार? "लोक म्हणाले असते," मी म्हटलं, "की आर्लिस आपल्या घरच्यांना पुढे घुसवते."

ब्रिटाने त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या मुलीचा फोन असता तर?"

"लाल ट्रे," मी म्हटलं. "दहा मिनिटांत."

समोर काय झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ऑस्टबींचे खांदे सैल झाले. इतका वेळ कोरा असलेला कागद रोक्सॅनने पुढे ओढला आणि तिचं पेन भराभर चालायला लागलं. त्यांना हवा तो माणूस सापडला होता. ऑस्टबी पुढे वाकले आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, गरम, साखर लागलेला.

"आर्लिसबाई, इतकं मनाला लावून घेऊ नका. माणूस आहे, चूक होते."

मी हात ओढून घेतला आणि स्कर्टला पुसला, सगळ्यांदेखत. "माझी चूक माझ्यापाशी," मी म्हटलं. "तुम्ही त्यात पाय पुसू नका. तळहात तुमच्या नाकापुढे धरले होते तिने. दोनदा."

ब्रिटाने वही जांभळ्या फाइलमध्ये घातली, वर रबर चढवलं आणि उठली. दारापाशी कोल्टन माझ्यासाठी थांबला होता. "चल," ती त्याला म्हणाली. फक्त त्याला.

मी त्याच दिवशी काम सोडलं. ब्रिटाने राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार पाठवली. त्यात ऑस्टबींचं नाव आहे, रोक्सॅनचं आहे, आणि तिसरं नाव माझं आहे. नक्कल मला टपालाने आली, वर चिठ्ठीचपाटी काही नाही. मी ती पूर्ण वाचली. एकही शब्द चुकीचा नव्हता.

एप्रिलच्या शेवटी जमीन सुटली. सिग्नेला कोठीतून आणलं, माझ्या आईच्या पायाशी पुरलं. पेटी कोल्टनने एकट्याने उचलली, खांदा द्यायला दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती. ब्रिटा माझ्यापासून चार माणसं सोडून उभी होती. सहा आठवड्यांत आम्ही बोललो नव्हतो.

मग सगळे चर्चच्या तळघरात उतरले. हॅम घातलेले बन, काकडीचं लोणचं, कॉफी. पुरल्यानंतरच्या या जेवणात उलटी रीत असते, घरच्यांना आधी वाढतात. स्वयंपाकघरातल्या बायकांनी खिडकी उघडली आणि हाक मारली, "घरचे आधी! या, घरच्यांनी पुढे या."

कोल्टन उठला, त्याचे आईबाप उठले. ब्रिटा पहिली. सवयीने मीही उठले आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने ताटली उचलली. मग ती वळली. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा तिने मला समोरासमोर पाहिलं.

"तू शेवटी घे, आई," ती म्हणाली. "तुला सवय आहे."

आवाज चढवला नव्हता, पण साठ माणसांनी ऐकलं. खिडकीतल्या बाईच्या हातातला डाव तसाच राहिला. लव्होन ताटलीकडे बघायला लागली.

मी रांगेतून बाहेर आले आणि मागे चालत गेले. कोल्टनच्या चुलतभावांच्या मागे, शाळेतल्या बाईंच्या मागे, लव्होनच्या मागे. लव्होन कुजबुजली, "तू ये की माझ्यापुढे." मी नको म्हटलं. स्वयंपाकघरातल्या बायकांनी घेऊन झालं तेव्हा मी खिडकीपाशी पोचले. हॅम संपला होता. एक बन होता, तो मी घेतला आणि भिंतीशी उभी राहून खाल्ला.